लॉरी अँडरसन नाशकात ऐकवायची तर सुरुवात कुठून करावी?

मेधा_गंगापूररोड | शुक्र, रात्री १०:१२

मंडळी, सल्ला हवाय. आमच्याकडे महिन्यातून एकदा गाणं ऐकायला वीसेक जण जमतात. घरचाच हॉल, सतरंज्या, बऱ्यापैकी स्पीकर, मध्यंतरात चहा. कुमारांची निर्गुणी भजनं झाली, बेगम अख्तर झाल्या, एकदा पीट सीगरसुद्धा झाला. पुढची पाळी माझी आहे आणि मी लॉरी अँडरसन लावणार आहे. ते ठरलंय. काय लावू, एवढंच ठरत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्म १९४७चा, शिकागोजवळच्या ग्लेन एलिनचा. लहानपणापासून व्हायोलिन. पदवी घेतली कलेतिहासात, मग कोलंबिया विद्यापीठातून १९७२ मध्ये शिल्पकलेची एमएफए. त्यानंतर न्यूयॉर्कच्या गॅलऱ्यांत आणि रस्त्यांवर प्रयोग करत होती. १९८१ मध्ये तिचं 'ओ सुपरमॅन' इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्याच वर्षी 'बिग सायन्स' हा अल्बम आला. पुढे आठ-आठ तासांचे प्रयोग, सिनेमा, नासा, काय काय. दुकानात तिच्या रेकॉर्ड रॉकच्या कप्प्यात सापडतात आणि कलासंग्रहालयवाले ती आपली म्हणून सांगतात.

आमचे श्रोते बहुतेक पंचावन्नच्या पुढचे, नाट्यसंगीतावर वाढलेले. पहिल्या पाच मिनिटांत सगळे चहाकडे वळले तर संध्याकाळ गेली. तेव्हा पहिलं काय लावावं?

सिडकोचा_राजा | शुक्र, रात्री १०:२०

लॉरी म्हटल्यावर मला थेट द्वारका सर्कलच दिसलं. म्हटलं, ट्रॅफिकवर अजून एक धागा.

तंबोरा_जुळवा | शुक्र, रात्री ११:०५

मेधाताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मागे तुम्ही हिचं काहीतरी ग्रुपवर टाकलं होतंत. ऐकलं मी. आठ मिनिटं एकच 'हा हा हा हा' आणि त्यावर यंत्रातून कुणीतरी बोलतंय. यात गाणं कुठे आहे? एक षड्ज लागायला वर्षं जातात हो. पलुस्करबुवांनी ज्या गावात आश्रम काढला त्या गावात लोकांना सतरंजीवर बसवून हे संगीत म्हणून ऐकवायचं? प्रयोग म्हणा, नाटक म्हणा, माझी हरकत नाही. गायिका म्हणू नका.

खारे_दाणे | शुक्र, रात्री ११:०९

बसलो. धाग्याचं काश्मीर कधी होतंय बघू.

ढोलपथक_ते_सिंथ | शनि, रात्री १२:४०

तंबोराकाका, तो 'हा' म्हणजेच तिचा तंबोरा. दिवे घ्या, पण खरंच ऐकून बघा. स्वतःच्या आवाजातला एक 'हा' तिने यंत्रात पकडला आणि फिरता ठेवला. तो आठ मिनिटांहून जास्त वेळ एकाच सुरावर, एकाच अंतराने चालू राहतो. तोच षड्ज, तोच ठेका. त्यावर मुख्यतः दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आलटूनपालटून येतात, एक मेजर आणि एक मायनर. 'हा' दोन्हींत बसतो, पण एकात निवांत वाटतो आणि दुसऱ्यात दचकवतो. सूर तसूभरही हललेला नसताना! वरचा आवाज व्होकोडरमधून येतो, म्हणजे शब्द तोंडातले आणि सूर कीबोर्डचा.

आणि ते नुसतं बडबडणं नाही. एक आन्सरिंग मशीन आहे. आधी त्यावर आईचा निरोप येतो. मग कुणीतरी अनोळखी बोलू लागतं, आणि विमानं येताहेत म्हणतं. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधले ओलीस सोडवायला अमेरिकेने हेलिकॉप्टरं पाठवली होती. ती वाळवंटात बिघडली, मोहीम आवरती घेतली, आणि परत फिरताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ सैनिक गेले. एवढी यंत्रं असून ऐन वेळी सगळी बसली, ही त्या गाण्यामागची ठिणगी. सुरुवातीची हाक मात्र तिने फ्रेंच संगीतकार मासनेच्या १८८५च्या ऑपेरातून उचललीय. तिथे नायक लढाईच्या आदल्या रात्री देवाची करुणा भाकतो. हिने देवाच्या जागी सुपरमॅन, न्यायाधीश आणि आईबाबा बसवले. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील ते वाजवत राहिला, आणि एका छोट्या कंपनीने मोजक्या प्रतींत काढलेली रेकॉर्ड इंग्लंडभर झाली.

तंबोरा_जुळवा | शनि, सकाळी ७:१५

माहितीबद्दल आभार. पण तंबोऱ्याच्या षड्जात गंधार आपोआप ऐकू येतो. या 'हा'मध्ये काय ऐकू येतं?

ढोलपथक_ते_सिंथ | शनि, सकाळी ९:५०

कुणी हसतंय की कुणाला धाप लागलीय, ते शेवटपर्यंत ठरत नाही. म्हणून तर माणूस आठ मिनिटं बसतो.

तंबोरा_जुळवा | शनि, सकाळी ९:५८

मी बसलो नव्हतो.

शालिमारचे_टेपवाले | शनि, दुपारी २:३०

गाण्यातलं मला कळत नाही. टेप रेकॉर्डर दुरुस्त करण्यात हयात गेली, म्हणून एका गोष्टीवर लिहितो. या बाईंचं टेपचं व्हायोलिन आहे, १९७७चं. व्हायोलिनच्या गजाला, म्हणजे 'बो'ला, घोड्याचे केस असतात. ते काढून तिथे आवाज भरलेली टेप ताणून बसवली आहे, आणि तारांखाली जी घोडी असते तिच्यावर टेपचं हेड. म्हणजे आपल्या डेकमध्ये हेड जागेवर असतं आणि मोटर टेप ओढते. इथे मोटरच्या जागी बाईंचा हात.

यातली गंमत करून पाहिल्याशिवाय समजत नाही. बो असतो अडीच फुटांच्या आत, म्हणजे कामाची टेप धरा ६५ सेंटिमीटर. रीलची टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर पळते. हिशोब करा, साडेतीन सेकंदांच्या आतबाहेर. त्यात एखादं छोटं वाक्य मावतं. तेवढ्याच्या जिवावर ही बाई स्टेजवर उभी राहते.

मी दुकानात बांबूच्या कामटीला पाव इंची टेप चिकटवली आणि एका मेलेल्या डेकचं हेड लाकडी ठोकळ्यावर बसवून वायर ॲम्प्लिफायरला दिली. टेपवर माझ्याच आवाजात 'राम' भरला होता. पहिल्यांदा नुसती घरघर. हेडला अर्थिंग नव्हतं. ते दिल्यावर कामटी ओढली तर म्हशीच्या हंबरण्यातून 'रा' निघाला आणि 'म'पर्यंत येईस्तोवर आवाज मुंगीएवढा बारीक. कारण हात सुरुवातीला हळू असतो आणि पुढे सुटतो. कामटी परत ढकलली की 'मार'. सरळ ओढताना 'राम', उलट ढकलताना 'मार'. एकसारख्या वेगाने हात चालवणं कसं जमतं त्या बाईंना, देव जाणे. आमच्याकडे त्या कामासाठी जड चाक लागतं.

काकांनी वर गायिका म्हणू नका म्हटलंय. बरं. पण बो चालवायला तिला रियाज लागला नसेल असं मला वाटत नाही.

सिडकोचा_राजा | शनि, दुपारी २:४१

काका _/\_ हे तर वाल्या कोळ्याने टेपशिवाय केलं होतं.

शुद्धलेखन_पोलीस | शनि, दुपारी ३:०२

वाल्या 'मरा मरा' म्हणत होता. त्यात अक्षरं उलटी होतात. काकांच्या कामटीवर आवाजच उलटा होतो, म्हणून 'मार'. दोन वेगळे प्रकार आहेत, गल्लत नको.

सिडकोचा_राजा | शनि, दुपारी ३:०४

नारदमुनींना कळवतो.

नारदीय | शनि, सायं ६:२०

बोलावलंत? :)

विनोद बाजूला ठेवतो, पण मला हिच्याकडे बघताना कीर्तनच आठवतं. एकच माणूस उभा. तोच गोष्ट सांगतो, मध्येच पद म्हणतो, मध्येच म्हातारीचा आवाज काढतो, राजाचाही काढतो, आणि चालू घडामोडींवर टोला मारून परत आख्यानावर येतो. फेब्रुवारी १९८३ मध्ये ब्रुकलिन ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये तिने 'युनायटेड स्टेट्स' केलं, दोन रात्री मिळून आठ तास. चार भाग होते: प्रवास, राजकारण, पैसा, प्रेम. त्यात गाणी, गोष्टी, पडद्यावर चित्रं, अंगावर बांधलेली वाद्यं. पुढच्या वर्षी ते पाच रेकॉर्डच्या संचात निघालं. आपल्याकडे सप्ताहाला लोक सलग बसतात ना? आठ तासांचं भय आपल्याला नसावं.

आणि तिचा तो पुरुषी आवाज. यंत्राने आपला आवाज खाली उतरवून ती अधिकारी पुरुषाच्या थाटात बोलते. व्यवस्थापक, निवेदक, सगळं ठाऊक असलेला माणूस. पुढे रॉकगायक लू रीडने त्या पात्राला फेनवे बर्गामॉट असं नाव दिलं आणि २०१०च्या 'होमलँड'च्या मुखपृष्ठावर ती स्वतः मिशा लावून त्याच्या रूपात आहे. आपल्या कीर्तनकार स्त्रिया हिरण्यकश्यपूचा आवाज काढतात तेव्हा त्यांनाही असाच आनंद होत असणार.

तेव्हा मेधाताई, गाणं लावूच नका. आधी गोष्ट लावा. आपला माणूस गोष्टीला बसतो.

लादीवरची_मुलगी | शनि, रात्री ९:४५

नारदीय, छान लिहिलंय, पण मला हे पटत नाही. कीर्तनात शेवट ठरलेला असतो. शेवटी देव धावून येणार हे पहिल्या रांगेतल्या आजींना आधीच माहीत असतं. अँडरसनच्या गोष्टींत कुणी धावून येत नाही. ती गोष्ट मध्येच सोडते आणि दुसरी सुरू करते. शिवाय कीर्तनकाराच्या मागे परंपरा असते, समोर ओळखीचे लोक असतात. १९७४ मध्ये तिच्याकडे काय होतं? बर्फ.

'डुएट्स ऑन आइस'. पायात बर्फावर घसरण्याचे बूट, त्या बुटांची पाती बर्फाच्या ठोकळ्यांत गोठवलेली. हातात व्हायोलिन, आणि व्हायोलिनच्या आतच स्पीकर. त्यातून आधी भरून ठेवलेलं वादन चालू, त्याच्याशी तिची जुगलबंदी. बर्फ वितळून तोल जायला लागला की कार्यक्रम संपला. न्यूयॉर्कला रस्त्यावर केलं, इटलीत जेनोआला केलं.

माझं नाव बघून कळलं असेल. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला मी हे नाशकात करायला गेले होते, एप्रिलमध्ये (हसा). बर्फाच्या कारखान्यात जाऊन सांगितलं, डब्यात माझे बूट ठेवून पाणी भरा. मालकांनी माझ्याकडे, मग बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हा खाण्याचा बर्फ आहे." मग लादी घेतली, गोणपाटात गुंडाळून रिक्षाने नदीकाठी आणली, खिळ्याने दोन खाचा पाडून कॅनव्हासचे बूट सुतळीने बांधले आणि एकतारी घेऊन उभी राहिले. भुसा लावायला विसरू नका असं रिक्षावाल्याने दोनदा बजावलं होतं, तो विषयातला जाणकार निघाला.

माणसं जमली. एक काका विचारत होते, रस कधी काढणार? एक छोटा मुलगा लादीला जीभ लावून पाहत होता, त्याची आई त्याला ओढत होती, तो परत येत होता. तळवे आधी जळतात आणि मग असल्याचं कळतच नाहीत. तारेवरचं बोट आपण हलवतोय की ते थंडीने हलतंय, हेही सांगता येईना. मजा येत होती. तेवढ्यात सुरक्षारक्षक आला, परवानगी विचारली आणि शिट्टी वाजवायला लागला. तिचा प्रयोग बर्फ संपला की संपायचा, माझा शिट्टीने संपला. उरलेली लादी शेजारच्या रसवंतीवाल्याने नेली. पैसे दिले नाहीत, दोन ग्लास रस दिला.

खारे_दाणे | शनि, रात्री ९:५२

रसाचा प्रश्न विचारणारे काका बरोबर होते म्हणजे.

इंदिरानगरचा_बाप | रवि, सकाळी १०:३०

वरचं वाचून हसलो आणि मग हसू गेलं. आमच्या कन्येला शिल्पकला घ्यायची आहे आणि 'त्यातून पुढे परफॉर्मन्स करेन' म्हणते. तुम्ही सगळे जाणकार आहात, एकच सांगा. या बाईंनी पोट कसं भरलं? सगळ्यांनाच इंग्लंडात दुसरा नंबर मिळत नाही.

कॅनडा_कॉर्नर | रवि, दुपारी १२:१५

(नाव बघून परदेशात समजू नका, शरणपूर रोडच्या टोकाला राहतो.)

बापमहाशय, रास्त प्रश्न. सुरुवातीला तिने कॉलेजात कलेतिहास शिकवला, कलासमीक्षा लिहिली. शिकवण्याबद्दल ती स्वतःच सांगते की पडद्यावर प्राचीन शिल्पाची स्लाइड यायची, माहिती आठवायची नाही, मग ती तिथल्या तिथे गोष्ट रचून सांगायची, आणि पोरं लिहून घ्यायची. म्हणजे पुढचा धंदा तिथेच सुरू झाला म्हणायचा.

'ओ सुपरमॅन' चाललं तेव्हा ती चौतिशीची होती. वॉर्नर ब्रदर्सशी अनेक अल्बमचा करार झाला, त्याने बूड टेकायला जागा मिळाली. पण तिने सगळी अंडी त्या टोपलीत ठेवली नाहीत. १९८६ला स्वतःच मैफलीचा सिनेमा दिग्दर्शित केला. १९९४च्या अल्बमवर संगीतकार ब्रायन इनोबरोबर काम केलं. २००३ मध्ये नासाने तिला निवासी कलाकार म्हणून घेतलं, असं पद मिळालेली ती पहिलीच. त्या अनुभवावर तिने एकपात्री प्रयोग रचला. २०१५ मध्ये आपल्या कुत्रीवर 'हार्ट ऑफ अ डॉग' चित्रपट. २०२१ मध्ये हार्वर्डची नॉर्टन व्याख्यानं, तीही ऑनलाइन. २०२४ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव. यात कुठेही 'आता मी अमुक झाले' म्हणून थांबलेली दिसत नाही. मात्र एक बघा: व्हायोलिन पक्कं होतं, पदव्या पक्क्या होत्या, लिहिता येत होतं. कन्येला शिल्पकला घेऊ द्या आणि जोडीला लिहायला लावा.

लू_लू_लू | रवि, दुपारी १२:४०

ही लू रीडची बायको ना? तो नसता तर एवढं नाव झालं असतं का?

लादीवरची_मुलगी | रवि, दुपारी १२:४४

आलेच हे.

कॅनडा_कॉर्नर | रवि, दुपारी १:०५

'ओ सुपरमॅन' १९८१. दोघांची गाठ १९९२ला म्युनिकमध्ये पडली. लग्न २००८ मध्ये. तो गेला २०१३ला. वजाबाकी तुम्हीच करा.

लू_लू_लू | रवि, दुपारी १:२०

ठीक आहे, ठीक आहे. पण त्या दोघांनी कुत्र्यांसाठी मैफल केली होती ते तरी कुणी सांगितलं का?

सिडकोचा_राजा | रवि, दुपारी १:२१

काय??

लू_लू_लू | रवि, दुपारी १:३५

२०१०, सिडनी ऑपेरा हाऊसच्या बाहेरच्या आवारात. शेकडो कुत्री मालकांसह आली होती. माणसाला धड ऐकू येणार नाहीत असे उंच सूर त्यात होते. शेवटी सगळ्या कुत्र्यांनी मिळून भुंकून दाद दिली.

सिडकोचा_राजा | रवि, दुपारी १:३७

आमच्या गल्लीत ही मैफल रोज रात्री दोन वाजता असते. विनातिकीट.

जर्सीतला_पंचवटीकर | सोम, पहाटे ४:५०

धागा आता वाचला. ढोलपथक यांनी विमानांचा उल्लेख केलाय, त्याला एक जोड. सप्टेंबर २००१ मध्ये मी इथेच होतो, जर्सी सिटीत, नदीच्या या बाजूला. जुळे मनोरे पडून जेमतेम आठवडा झाला होता आणि न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिच्या मैफली आधीच ठरलेल्या होत्या. तिने त्या रद्द केल्या नाहीत. मी काही गेलो नव्हतो, तेव्हा कोण गाणं ऐकायला जातंय. पुढच्या वर्षी त्याचं ध्वनिमुद्रण आलं ते ऐकलं. त्यात तिने 'ओ सुपरमॅन' म्हटलंय. वीस वर्षांपूर्वी इराणवरून लिहिलेल्या त्याच ओळी. अमेरिकी विमानं येताहेत, असं ती त्या शहरात, त्या आठवड्यात म्हणते. एक अक्षर बदललेलं नाही. मला तेव्हा ते पूर्ण ऐकवलं नाही.

तंबोराकाका, तुमच्या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही. पण एका वेळचं गाणं दुसऱ्या वेळी असं उगवतं, हे बंदिशींच्या बाबतीत तुम्ही आम्हाला सांगत आलात.

तंबोरा_जुळवा | सोम, सकाळी ८:०५

हं.

ढोलपथक_ते_सिंथ | सोम, सकाळी ११:१०

काका, अजून एक. बाईंनाही तुमचाच आक्षेप होता बहुधा. १९८९चा 'स्ट्रेंज एंजल्स' अल्बम करताना तिला वाटलं की या गाण्यांना बोलणं पुरणार नाही, गावंच लागेल. मग अल्बम लांबवला आणि गाण्याची शिकवणी लावली. तेव्हा तिला कळलं की आपला आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांतला सगळ्यात उंच पट्टीचा आहे. चाळिशी उलटली होती, जगभर नाव होतं, आणि ही शिकवणीला.

तंबोरा_जुळवा | सोम, सकाळी ११:३२

हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? माझ्याकडे साठीतले विद्यार्थी येतात, लाजत येतात. मेधाताई, तो अल्बम लावा. बाकीच्या वेळी मी दाराजवळ बसेन.

भांडीबाजार | सोम, रात्री १०:२०

मूळ प्रश्न सुरुवात कुठून, असा होता ना? माझं मत कुणाला पटेल की नाही माहीत नाही. 'लँडफॉल' लावा.

ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सँडी वादळ आलं तेव्हा तिच्या तळघरात पाणी शिरलं. वर्षानुवर्षांची यंत्रं, कागद, प्रयोगांचं सामान, सगळं पाण्यात. त्यावरून क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवाद्यांच्या चमूबरोबर तिने हे रचलं. अल्बम २०१८ला आला, पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. लहान लहान तीस तुकडे आहेत. एक नाही रुचला तर दुसरा लागेपर्यंत फार थांबावं लागत नाही. आणि तंबोराकाका, यात व्हायोलिनं खरीखुरी आहेत, केस लावलेली.

आमचं दुकान नदीकडच्या उतारावर आहे. २०१६ला आणि परत २०१९ला पाणी आत आलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, आमच्याकडे पुराची पातळी आकड्यात सांगत नाहीत, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर सांगतात. कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, बुडाला. कमरेला आलं की आम्ही खालचा माल माळ्यावर न्यायला लागतो. २०१९ला माळ्यावर जागाच उरली नव्हती. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर पितळी घागरी तरंगत जाऊन एकाच कोपऱ्यात जमल्या होत्या, तोंडं वर, एकीवर एक कललेल्या. स्टीलचे डबे, झाकणं घट्ट होती म्हणून, आतून कोरडे. हिशोबाच्या वह्यांचा लगदा. तिथे उभं राहून मला पहिल्यांदा रडू आलं नाही, ते कोपऱ्यातलं दृश्य फार देखणं वाटलं. हे घरी कुणाला बोललो नाही, मार खाल्ला असता.

त्या अल्बममध्ये एका ठिकाणी ती तळघरात उतरते आणि आपलं सामान पाण्यावर चमकत तरंगताना बघते. आधी सुंदर वाटतं, मग काय झालंय ते ध्यानात येतं. तो तुकडा मी दुकानात एकटा असताना लावतो. गाणं आहे की नाही, तो तुमचा वाद चालू द्या. नाशिककरांना पूर समजावून सांगावा लागत नाही, एवढंच माझं म्हणणं.

नारदीय | सोम, रात्री १०:३१

_/\_

लादीवरची_मुलगी | सोम, रात्री १०:४०

भांडीबाजार, तुम्ही इतकी वर्षं इथे फक्त गणपतीच्या पार्किंगच्या धाग्यावर का लिहीत होतात?

मेधा_गंगापूररोड | मंगळ, सकाळी ९:००

सगळ्यांचे आभार. क्रम असा ठरवतेय: आधी 'लँडफॉल'चे सात-आठ तुकडे, ओळीने, मध्ये न बोलता. मग 'स्ट्रेंज एंजल्स'मधली दोन गाणी, काकांसाठी. चहा. चहानंतर 'ओ सुपरमॅन', पण पडद्यावर. त्या चित्रफितीत पांढऱ्या वर्तुळावर तिच्या हाताची सावली पडते आणि एका क्षणी तोंडात दिवा लागतो, तेव्हा मागच्या रांगेतलेही मोबाइल खाली ठेवतील. वेळ उरला तर २००१चं ध्वनिमुद्रण, पण पंचवटीकरांनी लिहिलंय ते वाचून दाखवल्यावरच. आठ तासांचं पुढच्या सप्ताहाला बघू.

इंदिरानगरचे बाबा, कन्येला घेऊन या. लादीवरची, तूही ये, बर्फ आणू नकोस. आणि टेपवाले काका, ती कामटी घेऊन याल का? मध्यंतरात दाखवायला.

शालिमारचे_टेपवाले | मंगळ, दुपारी १:१५

कामटी आहे. हेड झिजलंय, घासून घासून मीच संपवलं. कुणाकडे जुना डेक पडून असेल आणि हेड बरं असेल तर कळवा. मोनो चालेल.

सिडकोचा_राजा | मंगळ, दुपारी १:२०

माझ्याकडे आहे काका. पण त्यात आमच्या लग्नाची कॅसेट अडकलीय, बरीच वर्षं झाली. ती न तोडता काढून दिलीत तर डेक तुमचा.

खारे_दाणे | मंगळ, दुपारी १:२२

उलटी वाजवू नका फक्त.

शालिमारचे_टेपवाले | मंगळ, दुपारी १:४०

आणा. चारनंतर दुकानात असतो. टेप रबरी रोलरला गुंडाळली असणार, तुम्ही ओढू नका, झाकणही उघडू नका. जसा आहे तसा पिशवीत घालून आणा.